उंबऱ्यावरचा विस्तव

सिहोऱ्याजवळच्या तलावाकाठी केशवरावांनी दोन खोल्या बांधल्या, त्या नागपूरकडच्या हौशी पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी. तुमसरला त्यांची धानाची गिरणी होती. कोंड्यातूनही पैसा काढणारा माणूस. खोलीचे भाडे वेगळे, बंबातल्या ऊन पाण्याचे वेगळे, शेकोटीच्या लाकडांचे वेगळे. शेकोटीचे पैसे मागताना राखणदार इश्वरची जीभ अडखळे, तेव्हा ते खेकसत, "लाकडं का तुह्या सासऱ्याच्या जंगलातून येतेत बे?"

इश्वरला सासरा नव्हता. होण्याची वेळ आली होती आणि निघून गेली होती, एवढेच.

पूर्वी शेजारची ललिता दिवेलागणीला हातात गोवरी घेऊन घरात येई. "इश्वर, चूल इझली आमची. इस्तो दे." गावात विस्तव कोणी कोणाला नाकारीत नसे, आणि त्याचे मोल घेणे म्हणजे पापच. ती चुलीपाशी बसे. इश्वर चिमट्याने सर्वांत लाल निखारा शोधत राही, फार वेळ शोधत राही. त्यापलीकडे बोलणे मात्र कधी झाले नाही.

एका हिवाळ्यात ओल्या लाकडांच्या धुराने तिचे डोळे भरून आलेले त्याने पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ती येण्याआधीच तो खापरीत निखारे काढून, वर राखेची पातळ चादर घालून, उंबऱ्यावर ठेवू लागला. काही दिवस तिने ते मुकाट्याने नेले. मग ती यायचीच थांबली. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, ती नागपूरला गेली. का थांबली, हा प्रश्न त्याच्या आत राखेखाली धुमसत राहिला.

एक्याऐंशीच्या पौषात खोल्यांसमोर एक फियाट थांबली. नवऱ्यामागून ललिता उतरली. तिने त्याला ओळखले आणि पदर सारखा केला.

संध्याकाळी इश्वरने ऐनाची सुकी लाकडे रचली. धूर मुळीच होऊ नये, याची त्याने काळजी घेतली.

"वा, चौकीदार!" लाकडांचे पैसे वेगळे, हे ऐकून तिचा नवरा हात शेकत हसला. "आग विकता तुम्ही? मग सकाळचं ऊनही मापानंच देत असाल!" थोड्या वेळाने तो स्वेटर आणायला आत गेला.

ललिता ज्वाळेकडे पाहत राहिली. "आमची चूल कधी इझलीच नोती, इश्वर."

त्याच्या हातातले लाकूड हातातच राहिले.

"माय म्हणे, घरात इस्तो असून पोरगी कायले मांगाले जाते?" ती क्षीण हसली. "मंग तू दारातच ठेवाले लागला. मले वाटलं, मी आत येलेली तुले आवडत नाही."

"धुरानं तुह्या डोयाले पाणी येत होतं," तो कसाबसा म्हणाला, "म्हणून…"

"ते धुरानं नोतं येत."

आतून पावले वाजली. मग शेकोटीच दोघांच्या वाट्याचे बोलत राहिली.

सकाळी ते निघताना इश्वरने भाडे सांगितले, ऊन पाण्याचे सांगितले.

"आणि शेकोटीचे?" नवऱ्याने विचारले.

"राहू द्या साहेब. इस्तवाचे नाई घेत आमच्या गावात."

"अहो, मालकाचं दिवाळं निघेल अशानं!" नवऱ्याने बायकोकडे पाहिले, त्या पाहण्यात थट्टा होती आणि किंचित कुतूहलही. "एवढी मेहेरबानी कशाबद्दल?"

ललिताने पर्स उघडली. "घ्या ना, भाऊ," ती शहरी, सपाट आवाजात म्हणाली. "परक्यांकडून घ्यावेच लागतात."

इश्वरचा हात पुढे झाला नाही. तेव्हा तिने वाकून नोट त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला, आणि मागे न पाहता गाडीत जाऊन बसली.

गाडीची धूळ तलावावर विरली. इश्वर खोलीकडे वळला. उंबऱ्यावर ठेवलेले उचलून नेणे किती जड असते, हे त्याला वाकताना कळले.