कमलीबाईनं वाचलेली बातमी

नागपूरचा पेपर केनवडच्या मोटारीनं गावात यायचा तो एक दिवस शिळा होऊन. पण संध्याकाळी पारावर उकंडराव पाटलांच्या तोंडून निघाला की ताजा! गावात पेपर वाचता येणारे दोघेच, शाळेचे मास्तर आणि पाटील. मास्तर बोलायचे पोटापुरतं, पाटील वाचायचे छातीभर. मधेच पदरची दोन वाक्यंही घुसडायचे आणि ती अशा थाटात, की छापणाऱ्यालाही वाटावं, हे आपणच छापलंय.

त्रेपन्न सालच्या वैशाखात एका संध्याकाळी पाराच्या कडेला तांड्याची माणसं येऊन बसली होती. त्यांच्याकडे बघून पाटलांना लहर आली. त्यांनी पेपर झटकला आणि वाचलं, "नामदार मंत्रिमहोदय येत्या सोमवारी या भागाच्या दौऱ्यावर येत असून बंजारा बंधुभगिनींची नृत्ये पाहण्यासाठी ते वाटेत थांबणार आहेत, असे कळते." पेपरात असलं काहीएक नव्हतं.

तांड्याला ते काय माहीत? घरात गोरमाटी आणि बाजारात मोडकीतोडकी वऱ्हाडी बोलणारी ती माणसं. 'येत असून', 'असे कळते' ही भाषा त्यांनी फक्त पेपराची म्हणून ऐकलेली. त्या भाषेत कुणी खोटं बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. सोमवारी सकाळपासून सगळा तांडा रस्त्यावर उभा. बायांनी आरशांचे घागरे घातले, हातभर बांगड्या चढवल्या. सगळ्यांच्या पुढे साठीची रामीबाई, कारण गाणं उचलायचं तर तिनंच. ऊन टाळूवर आलं तरी ती सावलीला गेली नाही. आली ती एकच मोटार, आणि तिच्यातून उतरली कांद्याची पोती. पाटलांनी आधीच गंमत कानात सांगितलेली गावची माणसं लिंबाखाली बसून पोट धरधरून हसत होती. रामीबाई तिथंच कोसळली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

तिची सून कमलीबाई पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाटील, माही सासू मेली."

"उन्हानं मेली, कमले. मी का सूर्य हावो?" पाटील सुपारी कातरत म्हणाले. "जराशी गंमत केली बाप्पा. तुमाले पेपर समजत नाई, त्याले मी काय करू?"

कमलीबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिचा नवरा लखीराम कुऱ्हाड घेऊन निघाला होता, तिनंच त्याला अडवलं. कुऱ्हाडीनं माणूस एकदाच मरतो, आणि मेल्यावर त्याला लाज वाटत नाही. तिला पाटलाची लाज हवी होती. सगळ्या गावादेखत हवी होती.

महिन्याभरात ती पाटलांच्याच घरी झाडलोटीला लागली. तांड्यातली माणसं तिच्या नावानं थुंकली. थुंकू देत! बैठकीच्या कोनाड्यात जुन्या पेपरांची चळत होती, तिचा डोळा त्या चळतीवर. तिचा दीर सेवालाल दोन यत्ता शिकलेला. त्याच्याकडून तिनं अक्षरं घेतली. पण अक्षरं ओळख देऊ लागली तरी भाषा ओळख देईना. मग तिनं आपली एक रीत काढली. संध्याकाळी पाराच्या कडेला बसून पाटलांची एक बातमी कानात साठवायची, सकाळी झाडताना तोच पेपर उघडून ते ते शब्द शोधायचे. 'पूर', 'ठार', 'सभा' लवकर सापडले. 'तथापि' आणि 'यासंबंधी' यांनी मात्र तिला रडवलं. तिच्या बोलीत वस्तूही तो नाहीतर ती, एवढंच. या भाषेनं सरकारला 'ते' का करावं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं ते तसंच पाठ केलं. एक बातमी वीसवीसदा वाचायची, वाक्य मोडायचं, पुन्हा जुळवायचं. कुठली बातमी पेपरातली आणि कुठली पाटलांच्या पोटातली, हे तिला दुसऱ्या वर्षी कळायला लागलं. तरी ती गप्प बसली. तिला नुसतं पकडायचं नव्हतं, बुडवायचं होतं.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. छप्पन्न साली पाटलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याच उन्हाळ्यात मास्तरांची बदली झाली. नवे मास्तर यायचे होते. पाटील पेपर नाकाला लावून बसायचे, तरी काळ्या रेघांपलीकडे काही दिसेना. वाचता येत नाही असं गावाला सांगायचं? त्यापेक्षा जीव गेलेला बरा! अशा वेळी कमलीबाईनं झाडता झाडता एक मथळा मुद्दाम मोठ्यानं वाचला.

पाटलांच्या हातून अडकित्ता सुटला. "कमले! तुले वाचता येते?"

"येते थोडं थोडं."

"कोनाले सांगू नको. दुपारी मोटार आली का मले वाचून दाखवत जाय."

मग रोज दुपारी ती वाचायची, पाटील पाठ करायचे, आणि संध्याकाळी पारावर पेपर तोंडापुढे धरून घडाघडा म्हणायचे. चार महिने तिनं अक्षर न् अक्षर खरं वाचलं. एवढ्या काळात पाटलांचा तिच्यावर जेवढा भरवसा बसला, तेवढा देवावरही नव्हता.

बातमी रचायला तिला पंधरा दिवस लागले. गोधडीला चिंध्या जमवाव्यात तसे एकेका पेपरातून तिनं एकेक शब्द जमवले. मग एका दुपारी, आवाज जराही न हलवता, तिनं वाचलं, "वीस वर्षे निष्ठेने ग्रामीण जनतेस वृत्तपत्र वाचून दाखविणाऱ्या सद्गृहस्थांचा येत्या शुक्रवारी वाशीम येथील कचेरीच्या आवारात शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येणार असून, त्यांत केनवड भागातील श्री. उकंडराव पाटील यांचा समावेश असल्याचे समजते."

पाटलांनी ती तीनदा वाचून घेतली. कुठल्या रकान्यात आहे तिथं बोट ठेवायला लावलं आणि तिथं शाईची खूण करवून घेतली. संध्याकाळी पारावर त्यांनी स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं नाव, दोनदा वाचलं.

शुक्रवारी काळा कोट, जरीचा फेटा, गळ्यात हार. गावानं डफडं वाजवत पाटलांना मोटारीत बसवलं, सोबत दोन माणसं दिली. वाशीमच्या कचेरीत पाटील दुपारपर्यंत बाकावर ताठ बसून राहिले. शेवटी एका कारकुनानं विचारलं, तशी त्यांनी मोठ्या तोऱ्यात पेपर पुढे केला आणि शाईच्या खुणेवर बोट ठेवलं.

कारकुनानं वाचलं. पुन्हा पाटलांकडे बघितलं. "आजोबा, ही गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आहे. तुम्हाला वाचता येत नाही का?"

सगळी कचेरी हसली. सोबतची दोन माणसं आधी चूप बसली, मग तीही हसली. परतीची मोटार गावात पोचली तेव्हा डफडं तयारच होतं. शाल कुठंय, म्हणून गावानं विचारलं आणि त्या दोघांनी सगळं सांगितलं. ज्या रस्त्यावर तांडा उभा होता त्याच रस्त्यावर गाव पाटलांना हसलं. कमलीबाई तिथं उभी राहून शेवटच्या माणसाचं हसणं संपेपर्यंत ऐकत होती. तीन वर्षांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील काठी टेकत, चाचपडत तांड्यावर आले. जन्मात पहिल्यांदा. कमलीबाई दाराशी घागरा शिवत होती.

"कमले, सासूसाठी केलं म्हनशीन," ते म्हणाले.

"तिच्याचसाठी केलं."

"पन ते पेपरासारखं होतं वो. हुबेहूब. मी वीस वर्स वाचलं, मलेही कळलं नाई."

"तीन वर्स शिकली मी. तुमच्याच कोनाड्यात."

पाटील आवाज खाली आणून म्हणाले, "पारावर आता कोनी येनार नाई. नको येऊ देत. पन मले ऐकल्याबिगर राह्यवत नाई, कमले. उद्याचा पेपर मले कोन वाचून दाखवन?"

कमलीबाईनं दोरा दातानं तोडला.

"मीच दाखवीन ना. रोज येईन, रोज वाचीन. पन त्यातलं छापलेलं कोनतं अन् माह्यं कोनतं, हे मी तुमाले मरेपर्यंत सांगनार नाई."

पाटील काठी टेकत आल्या वाटेनं परत गेले.

दुपारी मोटार आली. पाटलांनी पेपर मागवून घेतला, मांडीवर ठेवला आणि तिची वाट बघत बैठकीत बसले.