कुणाचाच नसलेला वार

मित्रांनो, मी एक जाजम आहे. लग्नात पाहुण्यांच्या पायाखाली घालतात तसली भारी नाही. मंगळवार पेठेतल्या मौलाच्या घरी, मागच्या खोलीत, बांबूंच्या आडोशाला मी गुंडाळून पडले आहे. माझी एक कड उंदरांनी खाल्ली आहे. मौला ही हकिकत कुणाला सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मौलाचा धंदा मांडव घालण्याचा. आमच्या संस्थानात नवे महाराज गादीवर आले, त्यानंतर थोड्या वर्षांनी त्याने आपली टोळी जमवली. बाळासो गगनबावड्याकडून गाडीतून बांबू आणायचा. आण्णा खांब रोवायचा. चमन कनाती शिवायचा आणि मौला दोर बांधायचा. मौलाची बायको कुलसुम. तिने फाटक्या कनातींचे तुकडे जोडून मला शिवलं. तिचे टाके जाड होते, पण आजवर एकही उसवलेला नाही.

दर शुक्रवारी दुपारी ती मला दारापुढच्या कट्ट्यावर अंथरायची. जाजम दिसली की येऊन बसायचं, अशी टोळीची रीत होती. बोलावणं कुणी पाठवत नसे. मौला आणि चमन नमाजाहून यायचे, आण्णा अंबाबाईच्या दर्शनाहून, बाळासो बांबू उतरवून. कुणाचं लग्न कुठल्या दिवशी, खांब कुठे न्यायचे, दोराला कोण राहणार, सगळं माझ्यावर बसून ठरायचं. मधोमध परातीत कुलसुमने कालवलेले चुरमुरे असायचे.

“भाभी, मिरची घातलीय का सूड उगवलाय?” आण्णा नाक पुसत ओरडायचा.

“खातंय बघा निम्मी परात आणि वर बोलतंय,” ती आतूनच म्हणायची.

लोक म्हणायचे, मौलाच्या टोळीचा मांडव वादळातही हलत नाही. ते ऐकून मलाही बरं वाटायचं.

मग एका पावसाळ्यात कुलसुमला ताप आला. एका शुक्रवारी सकाळी ती गेली.

तिचा चाळिसावा दिवस झाला. पुढच्या शुक्रवारी मौलाने मला बाहेर काढलं. झटकता झटकता तो स्वतःशीच म्हणाला, “एवढा एक वार राहू दे. ह्या दिवशी घरात माणसं बोलत्यात.” चुरमुरे त्यानेच कालवले. मीठ जास्त झालं होतं, पण सगळ्यांनी परात संपवली.

मौला पाणी आणायला आत गेला, तेव्हा बाळासो हळूच म्हणाला, “भाभी शुक्रवारीच गेल्या. दर शुक्रवारी आपन हितं येऊन बसायचं, म्हंजे मौलाभाईस्नी आठवण करून द्यायची. वार बदलूया.”

“पर कारण सांगू नगा,” चमन म्हणाला. “वाईट वाटंल त्यास्नी.”

मौला बाहेर आला. आण्णाने घसा खाकरला. “मौलाभाई, शुक्रवारी जरा अडचण हुतीया. देवळात गर्दी असतीया. दुसरा वार धरूया की.”

मौलाने हातातला तांब्या खाली ठेवला. मग तो म्हणाला, “धरा की. तुमच्या सोयीचा धरा.”

“सोमवारी माझा उपास,” आण्णा म्हणाला.

“मग नगोच. उपाशी आण्णा म्हंजे चवताळलेला रेडा,” बाळासो म्हणाला.

मंगळवारी पुन्हा देवीची गर्दी. गुरुवारी चमन दर्ग्याला जायचा. शनिवार मारुतीचा. रविवारी बाजार.

“ऱ्हायला बुधवार,” चमन म्हणाला. “गरीब बिचारा. कुणाचाच न्हाय.”

सगळे हसले. मौलाही हसला. त्याला वाटलं, इतकी वर्षं आपल्यापायी यांची अडचण होत होती. बाळासो बुधवारी गगनबावड्याच्या रानात बांबू तोडत असायचा. पण मौलासाठी तोही “येतो की” म्हणाला.

मित्रांनो, बुधवार कुणाचाच नव्हता, म्हणून बुधवारी कुणाची पावलं इकडे वळतच नव्हती. देऊळ नाही, नमाज नाही, गाडी नाही. बाळासोला मुद्दाम यायला जमेना. चमन शिवाजी पेठेत राहायचा, तो पुढे पुढे विसरू लागला. आण्णा एकटाच येऊन बसायचा, इकडेतिकडे बघायचा आणि उठून जायचा. पुढे तोही थांबला. मौला मात्र दर बुधवारी मला अंथरायचा आणि दिवेलागणीला गुंडाळायचा.

बोलणंच होईना, तेव्हा एकाच दिवसाची दोन लग्नं घेतली गेली. एक आण्णाने घेतलं, एक चमनने. खांब एका दारात गेले, कनाती दुसऱ्या दारात. दोन्हीकडची वऱ्हाडं उन्हात उभी राहिली. भर रस्त्यात दोघांनी एकमेकांना नको ते बोलून घेतलं. आण्णा दुसऱ्या टोळीत गेला. टोळीच मोडली, म्हणून बाळासोनेही मौलाकडे बांबू उतरवणं बंद केलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मौला नमाजाहून आला आणि त्याने मला कट्ट्यावर अंथरलं. मधोमध परात ठेवली. एका कडेला तो बसला, बाकीची मी रिकामी.

देवळाहून आण्णा आला. त्याच्याबरोबर बाळासो होता. मला बघून दोघांची पावलं थांबली. आण्णाचा पाय जोड्यातून निघालासुद्धा होता.

बाळासोने त्याचा दंड धरला आणि तो कुजबुजला, “शुक्रवार हाय, आण्णा. भाभींचा वार. मौलाभाई आठवण काढत बसल्यात. बसू दे एकटं.”

आण्णाने पाय परत जोड्यात घातला. दोघांनी मान खाली घातली आणि आवाज न करता पुढे गेले.

मौलाने त्यांना जाताना पाहिलं. त्याने हाक मारली नाही. जाजम अंथरल्यावर बोलावणं करायची रीतच नव्हती. आणि मला तर तोंड नव्हतं. संध्याकाळी चुरमुरे मऊ पडले. ते त्याने चिमण्यांना टाकले आणि मला इथे आणून ठेवलं. त्यानंतर मला कुणी उलगडलं नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझी कड शिवा, असं मी म्हणत नाही. माझं आता काही होणार नाही. पण ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे, त्याच्यासाठी वार तुम्ही परस्पर ठरवू नका. त्याला विचारा. आणि कुणाच्या दारात अशी जाजम अंथरलेली दिसली, तर मान खाली घालून जाऊ नका. जोडे काढा आणि बसा.