साडेनऊ किलोमीटरवरचा एरिस

मनकर्णाबाई लेकीच्या घरी यायच्या त्या स्वतःची शिदोरी घेऊन. दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा आणि वर पाण्याची बाटलीसुद्धा. अमडापूरहून उंद्री म्हणजे काही काशी नव्हे, पण बाई अशा तयारीनं निघायच्या की वाटावं, पुढे मुलूखभर दुष्काळ पडलाय. लेकीच्या ओसरीत बसून त्या आपली भाकर खायच्या, आपलंच पाणी प्यायच्या, आणि आत करिष्माची भाजी कढईत निवत पडायची.

कारण साधं होतं. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. बहुतेकींची ही रीत वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटते. बारशाला आई पोटभर जेवते आणि विषय मिटतो. करिष्माच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बुलढाण्याचे डॉक्टर झाले, अकोल्याचे झाले, शेवटी दोघा नवरा-बायकोनंच ठरवलं की आता पुरे. नवरा गोविंदा भला माणूस. "आपण दोघं हाओत ना, बस झालं," असं एकदाच म्हणाला आणि पुन्हा त्यानं ती गोष्ट काढली नाही. वडील पुंजाजी तर रीतभात खुंटीला टांगूनच यायचे, जेवायचे, ताक मागून घ्यायचे आणि दणदणीत ढेकर द्यायचे. अडून बसल्या होत्या त्या एकट्या मनकर्णाबाई.

बाहेरच्यांचं करिष्माला सोसायचं. नळावरच्या बायका विचारायच्या, लग्नाकार्यात भेटलेल्या दूरच्या मावश्या विचारायच्या, ती हसून वेळ मारून न्यायची. पण आई ओसरीत शिदोरी सोडायला बसली की तिला वाटे, ही दर खेपेला तोंड न उघडता तेच विचारते. गेल्या दिवाळीत शेवटी तिच्यानं राहवलं नाही.

"माय, मले लेकरू नाही म्हून मी तुही लेक नाही का?"

मनकर्णाबाई चपापल्या. "अवं, तुह्यासाठीच तं पाळून राह्यली मी," एवढंच म्हणाल्या आणि बाटलीचं झाकण लावत उठल्या. करिष्माला बापाची इस्टेट नको होती की चोळीबांगडी नको होती. आईनं तिच्या हातचा एक घास खावा, इतकंच हवं होतं. पण ते मागून मिळण्यातलं नव्हतं.

करिष्मा उंद्रीच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. सूर्यमाला शिकवताना दरवर्षी एक गोची व्हायची. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका बाकावर बसल्यासारखे शेजारी-शेजारी, आणि पोरांना वाटायचं, खरोखरच तसे असतात. यंदा तिनं ठरवलं की अंतर पोरांच्या पायाखाली घालायचं. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले पंधरा कोटी किलोमीटर म्हणजे शंभर मीटर, असं माप धरलं. त्या मापानं सूर्य तीन फुटांचा निघाला आणि पृथ्वी काबुली हरभऱ्याएवढी. आणि सगळ्यात लांब जो तिला घ्यायचा होता, तो एरिस नावाचा बटुग्रह, तो निघाला मोहरीचा एक दाणा, साडेनऊ किलोमीटरवर.

साडेनऊ किलोमीटर! तिनं गोविंदाच्या गाडीच्या मीटरवर रस्ता मोजला. सूर्य अमडापूरला आईच्या घराच्या भिंतीवर काढला, तर एरिस नेमका उंद्रीला तिच्या स्वतःच्या अंगणात येत होता. खरं सांगायचं तर थोडंफार इकडंतिकडं होत होतं, पण बाईंनी ते पोटात घातलं. विज्ञानाच्या बाईंनाही माया असते.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी पुंजाजींनी भिंतीवर पिवळ्या रंगाचा भलामोठा सूर्य काढला, आणि सातवीची वीस पोरं गोविंदाच्या टेम्पोत बसून निघाली. मनकर्णाबाई पुढे, गोविंदाच्या शेजारी. "सूर्य माह्या घरचा हाये, तं पाहू तं दे कुठवर पोचते," असं म्हणून त्या स्वतःहोऊन चढल्या होत्या. शिदोरी अर्थातच मांडीवर.

सुरुवातीला गंमत आली. शंभर मीटर जात नाही तोच हरभऱ्याची पृथ्वी आली. पाचशे मीटरवर मोसंबीचा गुरू, पुढे संत्र्याचा शनी, मग लिंबं. नेपच्यूनचं लिंबू तीन किलोमीटरवर एका पुलाच्या कठड्यावर ठेवलं, आणि पुढे अर्ध्या किलोमीटरवर प्लूटोची मोहरी. त्यानंतर काहीच येईना. टेम्पो चालतोय, दोन्ही बाजूंनी तूर, हरभरा, पुन्हा तूर, आणि ग्रहाचा पत्ता नाही. पोरं कंटाळून गाणी म्हणायला लागली. तिसरं गाणंही संपलं.

"किती लांब हाये व हा?" मनकर्णाबाईंनी खिडकीतून मागे ओरडून विचारलं.

"माय, सूर्याचा उजेड पोचायले तेरा तास लागते त्याले!" मागून करिष्मा ओरडली. "अन् एक फेरी मारायले साडेपाचशेच्या वर वर्षं!"

"साडेपाचशे!" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना नऊच फार झाली होती.

अंगणात पोचल्यावर करिष्मानं एका पाटावर काळा कपडा अंथरला आणि त्यावर दोन दाणे ठेवले. एक मोहरीचा, आणि अडीच सेंटिमीटरवर दुसरा खसखशीचा. पोरं गोल करून बसली. तिनं सांगितलं की हा एरिस दोन हजार पाच साली सापडला आणि त्यानं आल्याआल्या भांडण लावलं. हा प्लूटोच्या जवळपास तोलाचा, मग ह्यालाही ग्रह म्हणा, नाहीतर प्लूटोला तरी कमी करा, असा वाद पेटला आणि बिचारा प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला. म्हणून ह्याला नाव दिलं तेही ग्रीकांच्या भांडणाच्या देवीचं. वरून सगळा गोठलेला, ताज्या बर्फासारखा पांढराशुभ्र.

"मंग काळी मोहरी काऊन आणली, मॅडम?" मयुरी म्हणाली. ह्या मयुरीसमोर वर्गात कोणाची काही चुकीचं बोलायची सोय नव्हती.

"दुकानात पांढरी नोती, बाई. अन् ही खसखस म्हणजे त्याचा चंद्र, डिस्नोमिया. देवीच्या लेकीचं नाव हाये ते. ही लेक मायभोवती फिरते, अन् दोघींची तोंडं कायम एकमेकींकडे. सूर्यापासून एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, पण एकमेकींकडे पाठ नाही करत."

हे पोरांना सांगायचं म्हणून सांगितलं होतं, पण शेवटी तिची नजर आईकडे गेली. मनकर्णाबाई पोरांच्या मागे उभ्या होत्या. "पाहू दे बरं," असं म्हणत त्या पुढे आल्या आणि त्यांनी हात पसरला. करिष्मानं मोहरीचा दाणा अलगद त्यांच्या तळहातावर ठेवला.

आता इथं मनकर्णाबाईंचा दोष नाही. चाळीस वर्षं खळ्यावर आणि बाजारात काढलेली बाई. तळहातावर दाणा आला की तो दाढेखाली गेलाच पाहिजे, वाळला की नाही, नवा की जुना, ते दाढच सांगणार. त्यांनी दाणा तोंडात टाकला, फोडला, क्षणभर विचार केला आणि निकाल दिला.

"जुनी हाये व. फोडणीत तडतडणार नाही."

मग मयुरीची किंकाळी आली. "मॅडम, आजीनं एरिस खाल्ला!"

वीसच्या वीस पोरं हसून एकमेकांवर पडली. "माय खाल्ली," मयुरी बोट नाचवत म्हणाली, "आता ही लेक एकटीच राह्यली ना, आजी!"

मनकर्णाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा हात तोंडावर गेला आणि चेहरा उतरला. लेकीच्या घरचा दाणा. नऊ वर्षं जपलेलं एका दाण्यापायी गेलं होतं. करिष्माला वाटलं, आता ही मोरीपाशी जाईल, थुंकेल आणि चूळ भरेल, आणि तिनं तसं केलं तर मी हिच्याशी पुन्हा कधी बोलू शकणार नाही. तिनं नजर वळवली. आईला थुंकताना पाहायची तिची तयारी नव्हती.

गोविंदाला काय कळलं कोण जाणे. "चला रे, शाळेत खिचडी शिजली असंन," असं म्हणून त्यानं पोरांना टेम्पोत कोंबलं आणि अंगण रिकामं केलं.

मनकर्णाबाई मोरीकडे गेल्या नाहीत. त्या पाटापाशी खाली बसल्या. काळ्या कपड्यावर खसखशीचा दाणा तेवढा उरला होता, आणि त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तोंडातला दाणा गिळला. करिष्मानं तो गिळताना पाहिला.

"मले वाटे," त्या वर न पाहता म्हणाल्या, "मी अठी एक घास टाळला, तं देव तुह्या पदरात काही टाकीन. पाणी बी नोती पीत. उन्हाळ्यात बाटलीतलं गरम होऊन जाय, तरी तुह्या माठाकडे पाहो नाही. घरी गेल्यावर रडो मी, करिष्मा. तुह्या बापाले इचार."

"मले काऊन नाही सांगितलं, माय?"

"काय सांगू? देवाशी केलेला सौदा कोणी सांगते का?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "लेकरू आलं असतं तं आलं असतं. नाही आलं. माह्यं लेकरू तं हाये ना माह्यासमोर! अन् त्यालेच मी नऊ वर्षं ओसरीतून पाहून राह्यली."

करिष्मा आईच्या शेजारी मटकन बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतक्या मोठ्या, पगारदार, सातवीला धाक असलेल्या बाई, पण रडल्या अगदी पहिलीतल्या पोरीसारख्या. मनकर्णाबाईंनी तिला रडू दिलं. मग कोपरानं ढोसलं.

"ऊठ. वाढ मले."

करिष्मानं घाईघाईनं ताट केलं. सकाळची वांग्याची भाजी गरम केली, ताजी भाकर थापली, आणि त्या गडबडीत हात दोनदा पोळून घेतला. मनकर्णाबाई घरात आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि सगळं घर पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या बघू लागल्या. ताट समोर आलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. करिष्मा समोर उकिडवी बसून पाहत होती.

दुसरा घास झाला, तिसरा झाला. मग मनकर्णाबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या. "अन् वांगं अर्धकच्चं ठेवलंस. गोविंदा बोलत नाही म्हून काय त्याले असंच खाऊ घालून राह्यली का तू?"

करिष्मा हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसायला लागली. नऊ वर्षांत तिच्या भाजीला आईनं नावं ठेवली नव्हती. ती उठली आणि मिठाची बरणी घेऊन आली.