अर्धं भरीत सरकारचं

नथ्थू आबाच्या वावरात आजवर कोणी जेवलं नव्हतं. यात आबाच्या कंजूषपणाचा हात नव्हता, सगळा दोष जमिनीचा. अमळनेरहून एसटी तापीकाठाकडे निघाली, की डाव्या हाताला काळ्याभोर रानात मध्येच एक पांढरट चट्टा दिसतो. नवखा माणूस विचारतो, "इथं चुना सांडला का?" कंडक्टर सांगतो, "नाही, ते नथ्थू आबाचं वावर." जमीन खारवट, चोपण. पाऊस पडला की चिखल बूट धरून ठेवतो आणि वाळली की कुदळ परत पाठवते.

गावाची रीत अशी, की थंडी पडली म्हणजे एकेकाच्या वावरात भरिताचं जेवण व्हायचं. वांगी मात्र त्याच वावरातली हवीत. बाजारातून आणून घातलेलं जेवण गाव खातं, पण जमेस धरत नाही. त्यामुळे आबा उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधावर जेवत आला होता, आणि गावातला पुना नाना दर वेळी भाकरी मोडता मोडता विचारायचा, "काय आबा, यंदा तुना वावरमा मिठनं भरीत का?"

लोक हसायचे. आबाही हसायचा. हसताना घास गिळणं किती अवघड असतं, हे फक्त मंजुळाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

अशात धुळ्याहून सादिया मॅडम आल्या. वडिलांचं धुळ्यात कापडाचं दुकान, मुलगी वनस्पतींची डॉक्टर. त्यांना तालुक्यातली सगळ्यात वाईट जमीन हवी होती. आबाच्या मातीत त्यांनी यंत्राची दांडी खुपसली, आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की सोयरीक जुळल्यावर वरमाईचाही उजळत नाही.

"आबा, इतकी वाईट जमीन मी अजून पाहिली नाही!"

आबाच्या जमिनीचं आयुष्यात पहिल्यांदा कौतुक झालं. तो नम्रपणे म्हणाला, "आजोबापासूनची शे."

दुसऱ्या दिवशी पुना नाना मॅडमना गाठून सांगत होता, की आपलीही जमीन काही कमी वाईट नाही, एकदा बघून तर घ्या. पण निवड झालेली होती.

मॅडमनी समजावून सांगितलं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मजेत वाढणारी एक वनस्पती आहे. तिच्यातला एक गुण उचलून प्रयोगशाळेत वांग्याच्या अंगात घातलाय. झाडाच्या पेशीत एक कोठी असते. मुळांनी मीठ ओढलं, की हे झाड ते कोठीत कोंडून ठेवतं, बाकी घराला त्रास होऊ देत नाही.

"म्हणजे कोठीना दारवर पहारा," आबा म्हणाला. "मना घरमा गूळ असाच राहस."

मंजुळाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आबाच्या वावरात होणाऱ्या या चाचणीच्या अटी कडक होत्या. भोवती जाळी, जाळीला कुलूप, दारावर पाटी. फळ बाहेर जाता कामा नये, कोणी खाता कामा नये, आणि शेवटी सरकारी साहेबांच्या देखत सगळी वांगी जाळून टाकायची. चाचणी नीट पार पडली तर पुढची परवानगी, आणि असं करत करत कधीतरी बी शेतकऱ्याच्या हाती. आबाने मान डोलावली. सरकारी माणसं बोलतात तेव्हा मान डोलवायची असते, हे त्याला लहानपणापासून येत होतं.

आणि वांगी लागली! ज्या जमिनीत गवतसुद्धा विचार करून उगवायचं, तिथं हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, हातभर वांगी लोंबायला लागली. गाव जाळीला नाक लावून बघून गेलं. पुना नानाही आला. जाळीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दिसाले बरी शेतस. पण खाले घालशी तवय खरं!"

आबाच्या तोंडून निघून गेलं, "यंदा भरीत मना वावरमा! बठ्ठा गाव या!"

घरी मंजुळाबाईने कपाळावर हात मारला. "खावाले बंदी शे ना?"

"अवं, जाळाले सांगेल शे ना?" आबा खाटेवर उठून बसला. "वांगं जाळाशिवाय भरीत कोणी करं का आजलोंग? सरकार त्याना पद्धतमा अर्धं काम करी. राहेल अर्धं आपण करू. त्यामा खानं कोठे येस? ते तं भरीत."

मंजुळाबाईला यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. पण भरिताची पहिली पायरी जाळ हीच, हेही खरं होतं. तिने शेंगदाणे भाजायला घेतले.

ठरल्या दिवशी सकाळी सरकारी सपकाळे साहेब जीपमधून उतरले, तेव्हा त्यांना वाटलं आपण चुकून कोणाच्या तरी लग्नात आलो. बांधावर सतरंज्या, सतरंज्यांवर गाव, गावाच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. एका कडेला मंजुळाबाई मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि कढई घेऊन बसलेली. मधोमध कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग.

"बंदोबस्त चांगला ठेवलाय," साहेब म्हणाले.

सादिया मॅडमनी वांगी मोजून दिली, झाडंसुद्धा उपटून बाजूला रचली. काड्या पेटल्या. वांगी जाळावर पडली. आणि मग जे व्हायचं ते झालं. आबासह चार-पाच जण उकिडवे बसले आणि काठीने एकेक वांगं हळूच फिरवायला लागले. या बाजूने साल काळी पडली की त्या बाजूने. देठाकडे जाळ कमी, म्हणून देठ आत. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. जाळावरचं वांगं दिसलं की इकडच्या माणसाचा हात आपोआप चालतो. वांगं करपू देणं त्याच्या हातून व्हायचं नाही.

घमघमाट सुटला. बांधावरच्या माना जाळाकडे वळल्या.

"आबा," मॅडम घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "हे काय करताय? ही तर भाजली जातायत!"

"मंग?"

"जाळायची म्हणजे राख करायची. राख!"

आबाच्या हातातली काठी तशीच राहिली. त्याने मंजुळाबाईकडे बघितलं. ती कढईकडे बघत होती, आणि तिचं ते न बघणंच फार बोलत होतं. मागे बांधावर सगळं गाव. सगळ्यात पुढे पुना नाना, मांडी ठोकून.

सपकाळे साहेब मूळ इकडचेच, नशिराबादचे. कित्येक वर्षं मुंबईत, आणि तिथं भरीत म्हणून हॉटेलवाले जे देतात ते खाऊन दिवस काढलेले. ते जाळाच्या जवळ आले. वाकले. एका वांग्याला सालीची चीर पडून वाफ निघत होती.

"नियम कडक आहेत," साहेब वाफेत म्हणाले. "पण नष्ट झालंय की नाही हे तपासायला... म्हणजे आतून... एखादं उघडून पाहावं लागतं." त्यांनी मागे वळून बांधाकडे पाहिलं. "भाकरी आहे का कोणाकडे?"

बांधावर वीस भाकरी एकदम वर झाल्या.

मॅडमचा चेहरा उतरला. साहेबांना नाही कसं म्हणणार? त्या आबाकडे बघत राहिल्या. आबाने हळूच विचारलं, "मॅडम, एक खादं तं काय व्हई?"

"आज काही नाही होणार. पण कळल्याशिवाय राहत नाही, आबा. चाचणी रद्द. पुढची परवानगी नाही, बी नाही. काहीच नाही."

आबाने वांग्याकडे बघितलं. इतकं सुरेख भाजलेलं वांगं गावात कोणाच्याच वावरात झालं नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. आज जेवण घातलं तर एकदाच. पुना नानाचं तोंड आज बंद, आणि पुढच्या थंडीत वावर पुन्हा पांढरं.

तो उठला. साहेबांच्या आणि जाळाच्या मध्ये उभा राहिला.

"साहेब, मांगे सरका."

"अहो, मी फक्त..."

"तुम्ही पाहुणा शेतस, म्हणीसन हात जोडस. पण वांगं देवाव नही."

त्याने काड्यांचा उरलेला सगळा भारा उचलला आणि जाळावर फेकला. ज्वाळा माणसाएवढी झाली. बांधावरून असा सुस्कारा आला, की मयतालाही येत नाही. वांगी तडतडली, फुटली, काळी पडली, कोळसा झाली. मागोमाग झाडंही जाळात गेली. धूर आबाच्या डोळ्यांत गेला, निदान तो तसं म्हणाला. साहेबांनी कागदावर सही केली.

आणि गाव तसंच बसून होतं. भाकरी मांडीवर.

"आते या मिरच्यासनं काय करू?" मंजुळाबाईने विचारलं.

मग तिनेच कढई निखाऱ्यावर ठेवली. तेल, लसूण, मिरच्या, दाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, सगळं ठरल्याप्रमाणे, एक वांगं सोडून. लाकडी काठवटीत ठेचलं आणि वाढायला सुरुवात केली. वारा बांधाकडे होता, त्यामुळे भाजल्या वांग्याचा वास आयताच पानात येत होता. लोकांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग घास घेतला, मग दुसरा. मॅडमनी रूलबुक आठवून पाहिलं. कांद्याच्या पातीला कुठे बंदी नव्हती. सपकाळे साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले आणि तिसऱ्यांदा वाढून घेताना कोणाकडेच बघत नव्हते.

शेवटी पुना नानाने बोटं चाटली, ढेकर दिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फोडणी बरी व्हती. वांगं तेवढं कमी पडनं."

बांधावर हशा फुटला. आबा काठवट हातात घेऊन उभा होता. दुसऱ्यांच्या बांधावर बसून त्यांच्या भरिताला नावं ठेवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आपल्या जेवणाला कोणी नाव ठेवलं तर कसं वाटतं, हे त्याला आज कळत होतं. फार बरं वाटत होतं.

तो नानाच्या पुढ्यात वाकला आणि यजमानाच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाला, "ले ना नाना, आखो एक भाकर ले. आपलंच घर शे, लाजू नको."