साफ केलेल्या फोटोतली पाठ

मी लुईस, तारकर्लीतल्या आमच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं मिळून ओढणाऱ्या गटाचा, म्होरक्या. माणसावर चटकन विश्वास ठेवणं माझ्या रक्तातच नाही. होडीतलं जाळं कोणीतरी कोयत्याने फाडलं तेव्हा माझा संशय सरळ प्रीतमवर गेला. रापण ओढायला येतो आणि उरलेल्या वेळात पर्यटकांना बोटीतून फिरवतो. असा दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस माझ्या डोळ्यांत सलतो.

त्याला रापणीतून काढायचं तर बैठकीत पुरावा हवा. शेजारच्या लॉजच्या कॅमेऱ्यात एकजण सापडला खरा, पण फोटो तिन्हीसांजेचा, वाळू सांडल्यासारखा रवाळ. उघडा, पाठमोरा, उंच माणूस. रापणीत एवढे उंच दोघेच, प्रीतम आणि माझा मुलगा मॅक्सवेल.

माझी भाची रोविना कॉलेजात फोटो साफ करायचं गणित शिकवते. तिला बोलावलं. ती म्हणाली, यात दोन बाजूंनी दंड बसतो. मूळ फोटोपासून लांब गेलं की एक, शेजारशेजारच्या ठिपक्यांत फरक ठेवला की दुसरा. दोन्ही मिळून दंड सगळ्यात कमी पडेल असा फोटो कॉम्प्युटर शोधतो. मी म्हटलं, दुसरा दंड वाढव, मला चकचकीत फोटो पाहिजे.

फोटो आला. पाठ अगदी गुळगुळीत. माझा जीव भांड्यात पडला. जाळ्यात अडकू नये म्हणून मॅक्सवेल कामाला लागला की गळ्यातली रोझरीची जपमाळ पाठीवर टाकतो. इथे पाठीवर काहीच नव्हतं.

"पाठ मोकळी आसा," मी म्हटलं. "प्रीतमच तो. आणखी काय व्हया तुका?"

"अंकल, फोटो साफ झालो. खरो आसा, असा मी म्हणूक नाय," रोविना म्हणाली. "काय काढून टाकला, ता आधी बगूया."

मला तिचाही संशय आला. प्रीतमने हिला काही सांगितलं तर नसेल?

तिने मूळ फोटोतून साफ फोटो वजा केला. "हेच्यात नुसतो रवो दिसाक व्हयो. आकार दिसलो तर समजाचा, खरा कायतरी पुसला गेला. बारीक रेघ रव्याबरोबर पयली जाता."

पडद्यावर रवा होता. आणि रव्यात दोन्ही खांद्यांवरून उतरून पाठीच्या मधोमध मिळणारी एक बारीक रेघ होती.

रोविना माझ्याकडे बघेना. रापण मोडून पर्यटकांसाठी बोटी घेऊया, म्हणून मॅक्सवेल वर्षभर माझ्या मागे लागला होता. मी ऐकलं नव्हतं.

"बैठकीत खंयचो फोटो दाखवू?" तिने हळूच विचारलं.

साफ फोटो दाखवला असता तर कोणीही हरकत घेतली नसती. मलाही तोच हवा होता, अजूनही हवा होता.

"दोनय दाखव," मी म्हटलं.

जाळं फाटलं त्या दिवशी सगळ्यात आधी प्रीतमचं नाव माझ्या कानावर घातलं होतं ते मॅक्सवेलनेच. आयुष्यात तेवढ्या एकाच माणसाचं मी काही न विचारता खरं मानलं.