तिरवळचा पूल

शालन खवणेकरची लेक वैजू तिरवळच्या पुलावर अकरा दिवस चालत होती आणि अजून गावात पोचली नव्हती. पूल काही मोठा नव्हे. खाडीवरचा, एकशेवीस पावलांचा. शाळेत असताना वैजू तो एका दमात पळत ओलांडायची. आता तिला आठवा सरत आला होता, हातात कापडी पिशवी होती, आणि ती एक पाऊल पुढे टाकत होती तेव्हा पूल एका पावलाने लांबत होता. ती थांबली की पूलही थांबायचा. शालनचं घर पुलाला लागून, गावातलं पहिलंच. ओट्यावर बसलं की लेकीच्या चपलेचा तुटका अंगठासुद्धा दिसायचा.

वैजूचं काही चुकलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आली होती. आणि डोंबिवलीच्या खोलीला नवऱ्याने नवं कुलूप घातलं होतं, म्हणून तिला परत जायला जागा नव्हती. फक्त गाव भरलं होतं.

गाव भरलं ते पौषातल्या ग्रामसभेत. नंदन लुडबेला किनाऱ्यावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी माळावर, सात मजल्यांच्या तीन इमारती बांधायच्या होत्या, दोनशे चाळीस घरांच्या. तिरवळचा समुद्र बघायला लोक लांबून येतात. नंदनचं म्हणणं, बघून परत का जावं, राहावं की. सभा देवळाच्या मंडपात दुपारी दोनला सुरू झाली आणि चहाची तीन पातेली संपली तरी उठेना.

"शाळेत पोरां किती? पाच," नंदन म्हणाला. "घरां झाली तर माणसां येतली. माणसां इली तर शाळा ऱ्हवतली, दवाखान्यात डॉक्टर ऱ्हवतलो. नायतर धा वर्सांनी हय फक्त आमचे फोटो आसतले."

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे शालनलाही मनातून पटत होतं. पण शालन पदर खोचून उभी राहिली की स्वतःचंही ऐकायची नाही.

"बावीचा पाणी चैतापर्यंत पुरना नाय," ती म्हणाली, "नि तुझे दोनशे चाळीस संडास खंय सोडतलस? दर्यात? माज्या ओट्यावरसून आज समुद्र दिसता. उद्या तुज्या गिऱ्हाइकांचे वाळत घातलेले लेंगे दिसतले."

सभा हसली. नंदनही हसला. मग पुन्हा कडाक्याचं भांडण झालं. कोणी गटारांवर बोललं, कोणी कासवांवर, कोणी आजोबांच्या वेळच्या बांधावर. हात वर करायला सांगितलं तर दोन्हीकडचे हात सारखेच भरले. शेवटी सरपंचबाई कंटाळून म्हणाल्या की पुढची तारीख घेऊ, आबांनी गाऱ्हाणं घालावं आणि सगळ्यांनी घरी जावं.

आबा घाडी गावचे गाऱ्हाणेकरी, वय पंच्याऐंशी. तिरवळात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही आणि संपतही नाही. आबा देवाला हाक मारतात, मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतं. हे म्हणायला कोणी विचार करत नाही. गाऱ्हाणं ऐकायचं नसतं, त्याला होकार द्यायचा असतो. पाळण्यातली पोरं 'आई' म्हणण्याआधी हे शिकतात.

"बा देवा म्हाराजा," आबांनी सुरुवात केली, "आज ही तुझी लेकरां हयसर जमली आसत, त्येंका सांबाळ."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या मनात काय वाकडा इला आसात ता सरळ कर."

"व्हय म्हाराजा!"

"नि म्हाराजा, गाव आता भरलो. जितकी आसत तितकीच बरी. ह्येच्यापुढे एकय माणूस जास्त होव नको."

"व्हय म्हाराजा!"

आबांना ऐकू कमी येतं. त्यांच्या कानात शेवटची शालनच घुमत होती, म्हणून त्यांनी ते मागणं घातलं. गावाने सवयीने होकार दिला. नंदन लुडबेने दिला, सरपंचबाईंनी दिला, आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने शालनने दिला. त्या संध्याकाळी तिरवळात बाराशे सात माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीचा टेम्पो पुलावरून नेहमीसारखा आला आणि पिंपळाखाली उभा राहिला. आत ड्रायव्हर नव्हता. तो मागे पुलावर चालत होता. मागणं माणसांचं होतं, वस्तूंना बंदी नव्हती. लोकांनी भाजी उतरवून घेतली, आणि बिचारा उपाशी राहू नये म्हणून त्याला चार भाकऱ्या डब्यातून पुलावर सरकवल्या.

सुरुवातीला बरं वाटलं. किनारा स्वच्छ झाला, विहिरीचं पाणी गोड लागलं. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले, दोन दिवस पुलावर चालले आणि चिडून माघारी गेले. माघारी जाताना पूल एकशेवीस पावलांचाच होता.

मग खोब्रेकरांची सून आरोग्य केंद्रात बाळंत झाली. पोर पहिल्यांदा रडलं आणि त्याच क्षणी सुजाता सिस्टर खोलीतून नाहीशी झाली. ती पुलावर होती, हातात रबरी मोजे, ड्रायव्हरच्या मागे चालत. सिस्टर कोल्हापूरकडची, मार्गशीर्षात बदली होऊन आलेली. गावात सगळ्यांत शेवटी आलेली तीच होती. एक आत आलं की शेवटचं बाहेर, हे लोकांनी समजून घेतलं आणि त्यावर फारशी चर्चा केली नाही.

गजा आडकर होडी घेऊन खाडीच्या तोंडाबाहेर गेला, तेव्हा त्याच्या जागी ड्रायव्हर गावात आला. त्याला राहायला घर नव्हतं, म्हणून तो गजाच्या घरी गेला. गजाच्या बायकोने त्याला वाढलं. गजा त्यानंतर दोन दिवस लाटांवर होडी वल्हवत राहिला, किनारा जवळ येईना, तेव्हा माघारी वळून दुसऱ्या बंदराला गेला. तेव्हापासून तिरवळातून कोणी बाहेर पडलं नाही. कुडाळच्या बाजाराला नाही, लग्नाला नाही, दाढ दुखली तरी दातांच्या डॉक्टरकडेही नाही. सगळे आपापल्या ओट्यावर बसून समुद्र बघत. समुद्र फार सुंदर दिसायचा.

अशात वैजू आली. तिच्या पुढे सिस्टर होती.

शालन रोज डबा सरकवायची. वैजू चालता चालता खायची, दमली की कठड्याला टेकून बसायची.

"आये, अजून किती?" ती विचारायची.

"हय काय, इलंसच," शालन म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

दोन माणसं मेली की लेक घरी येणार, हा हिशेब शालनने केला नव्हता. तो आपोआप झाला होता. ती नव्वदीच्या भागी तांडेलीकडे पेज घेऊन जाऊ लागली. पेज भरवताना तिचं लक्ष भागीच्या पायांकडे असायचं, सूज वर चढली का ते. एकदा भागीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "तुया किती करतंस गो माज्यासाठी." शालनला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पेज घेऊन गेली.

भागी चैत्रात गेली. शालन तिच्या सुनांपेक्षा मोठ्याने रडली, आणि का रडते ते गावाला ठाऊक होतं. भागीचा श्वास थांबला तेव्हाच सिस्टर पूल उतरून आली, मोजे काढले आणि आरोग्य केंद्राचं कुलूप उघडलं. पुलावर आता वैजू एकटी होती. तिला नववा सरत आला होता, आणि गावात मरायला टेकलेलं कोणी नव्हतं.

शालन आबांकडे गेली.

"आबानू, घातलात तसा काढून घेवा. माजा चेडू थंय रस्त्यार बाळंत होतला."

"माज्या एकट्याच्या तोंडात काय आसा, शालन?" आबा म्हणाले. "मी नुसता बोलतंय. करता ता गाव करता. सगळ्यांनी व्हय म्हणूक होया."

पण म्हातारा भला. त्याने गाव बोलावलं. मंडपात सगळे आले, अगदी गजाची बायको आणि तिच्या शेजारी तो ड्रायव्हरही. आबा उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, मागे चुकान जा मागणा घातला, ता परत घे. वाट मोकळी कर."

"व्हय म्हाराजा!" शालन ओरडली.

तिच्या एकटीचा आवाज मंडपाच्या पत्र्याला लागून खाली आला. बाकी सगळे जमिनीकडे बघत होते. शालनने नंदन लुडबेकडे पाहिलं. दोनशे चाळीस घरं बांधायला निघालेला माणूस, तो तरी बोलेल. नंदनने नजर चुकवली.

"तसा न्हय गे काकी," तो हळूच म्हणाला. "पण आता बरा चल्ला हा. उगाच कित्याक?"

"नि तेवा पयला व्हय तुयाच म्हटलंस," मागून कोणीतरी बाई म्हणाली. आवाज ओळखीचा होता, पण शालनने मागे वळून पाहिलं नाही. आपलंच घोंगडं आणि आपल्याच गळ्यात, ती कोणाला काय बोलणार होती? लोक चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनने घर सारवलं. जुनी लुगडी धुऊन घड्या केल्या, पाण्याचा हंडा चुलीवर चढवला, हळद-तेल वाटीत काढून ठेवलं. मग आरोग्य केंद्रात गेली.

"सिस्टर, वैजू आज घरी येईल. दिवस भरलेत तिचे. तुम्ही तिच्याजवळ थांबा."

"आणि तुम्ही, मावशी?"

"मी पुलावर असेन. एक बाहेर गेलं की एक आत. तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही."

सिस्टरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खिडकीतून पूल दिसत होता. तिने तिकडे पाहिलं, कोपऱ्यात पडलेल्या रबरी मोज्यांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. नंतर म्हणाली, "येते मी. गरम पाणी ठेवा."

"ठेवलंय," शालन म्हणाली.

पुलाची सुरुवात डांबरातल्या एका लोखंडी पट्टीपाशी होते. शालनने ती ओलांडली आणि त्याच पावलाला वैजू पट्टीच्या पलीकडे गावात उतरली. दोघींमध्ये हातभराचं अंतर होतं. इतक्या दिवसांनी शालनला लेकीचा वास आला, घामाचा आणि धुळीचा. हात पुढे करावा म्हणून ती एक पाऊल परत फिरली, तर पट्टी एक पाऊल मागे सरकली.

"आये, ह्या काय केलंस?"

"घरात जा. पाणी तापला हा. सिस्टर येतली."

"नि तू?"

"माका दिसता सगळा हयसून. जा, उन्हात उभी ऱ्हव नको."

वैजू रडत रडत गेली. शालन ओट्याकडे तोंड करून चालू लागली. तिला बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा आपण वाद न घालता काहीतरी केलं असं तिला वाटलं, आणि ती थोडी हसलीसुद्धा. तिचं घर तिच्यापासून दहा पावलांवर होतं आणि तिथेच राहिलं.

दुपारी कळा सुरू झाल्या. लेकीचं ओरडणं पुलावर स्पष्ट ऐकू येत होतं. शालन चालत होती आणि तिथूनच सांगत होती, "जोर कर गो, शाबास, अजून एकदा." गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. कोणी पुढे येत नव्हतं, आत जात नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा वैजूने एक लांब किंकाळी फोडली.

मग बाळ रडलं.

शालनने हात जोडले. ते खाली घेते तोच तिच्या खांद्याला खांदा लागला. वैजू तिच्या शेजारी उभी होती, मोकळ्या केसांनी, रक्ताने भिजलेल्या गाऊनमध्ये. ती घराकडे बघत होती.

"आये, माका बघूक दिला नाय," ती म्हणाली. "झिल काय चेडू ता पण कळला नाय."

शालनला तेव्हा सुजाता सिस्टरचं मिटलेलं तोंड आठवलं. सगळ्यांत शेवटी कोण आलं होतं, हे साऱ्या गावात तिला एकटीलाच सुचलं नव्हतं.

वैजूच्या गाऊनखालून नाळ निघाली होती. ती पुलाच्या डांबरावरून पट्टीपर्यंत, पट्टीवरून अंगणात, ओट्याच्या पायऱ्या चढून दारातून आत गेली होती. ओली होती आणि अजून धडधडत होती. शालनने ती मातीत घासू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरली. वैजूने एक पाऊल टाकलं. पूल लांबला, तेवढीच नाळही लांबली.

सुजाता सिस्टर ओट्यावर आली. तिच्या एका हातात बाळाकडून आलेली नाळ होती, दुसऱ्या हातात कात्री.

"मावशी," तिने हाक मारली, "कापू का?"

दारांतल्या सगळ्या बायका पुलाकडे बघू लागल्या.