शांत खोली

मला इथे सगळे दाभणबाई म्हणतात. मागच्या खोलीत दाभण घेऊन फाटकी पुस्तकं शिवते म्हणून, आणि थोडं जिभेमुळेही. काउंटरवर मी बसत नाही. नोकरीला लागतानाच ग्रंथपालसाहेबांना तशी अट घातली होती, कारणही सांगितलं होतं: नवरा मला शोधतोय, सापडले तर जिवंत ठेवणार नाही. साहेबांनी ते पोटात ठेवलं. बाकी कुणाला सांगायची सोय नव्हती. काउंटरताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि शिपाईकाका तिच्याच टेबलावर डबा खातात.

त्या दिवसांत सगळ्यांच्या अंगात प्रशिक्षण शिरलं होतं. चिडलेल्या वाचकाशी कसं वागावं, हा विषय. बाहेरून ट्रेनर आला, पडद्यावर चित्रं दाखवून गेला. प्रमाणपत्र मिळणार होतं आणि त्यावर बढती. मला बोलावलं नव्हतं. बाइंडिंगवालीचा वाचकांशी काय संबंध, असं साहेब म्हणाले. मला राग आला. चिडलेल्या माणसाबरोबर मी संसार केलाय, ट्रेनरनेच माझ्याकडे शिकायला बसायला हवं होतं.

जेवताना ताई मला पाठ केलेलं ऐकवायची. आवाज खाली ठेवायचा, वाद घालायचा नाही. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, म्हणायचं. आणि गोड बोलत बोलत त्याला वाचकांपासून दूर, एखाद्या शांत खोलीत न्यायचं.

"आपल्याकडे कुठली आलीये शांत खोली?" मी विचारलं.

"तुझीच की."

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. ट्रेनर एक नट पाठवणार होता. तो कधीही येऊन तमाशा करणार, आणि कोण कसं निभावतं ते बघून मार्क देणार. परीक्षेतलं बाहेर बोलायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. जन्मात एकदा ताईने गुपित पाळलं, ते नेमकं हे.

सकाळची वेळ होती. मी एका जाड कोशाच्या कण्याला खळ लावत होते, तेवढ्यात बाहेर नवऱ्याचा आवाज ऐकला.

"माझी बायको इथं काम करते. बाहेर काढा तिला."

खळीचा ब्रश हातातच राहिला. माझ्या खोलीला एकच दार आहे, ते काउंटरकडे उघडतं. खिडकीला जाळी आहे.

"तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे," ताई म्हणाली. असा गोड आवाज तिने कधी साहेबांसाठीही काढला नव्हता.

काहीतरी लोखंडी कोसळलं. मासिकांचा रॅक असणार. आणि त्यापाठोपाठ कुणीतरी हसलं. आपल्यातलंच कुणीतरी, दाबून, कौतुकाने. मला वाटलं, माझ्याच डोक्यात बिघाड झालाय. माझा काळ दारात उभा आहे आणि ही माणसं हसतायत. मग थप्पड वाजली आणि शिपाईकाका कण्हले. त्यांचा ओठ फाटला होता, दात हलला होता, हे मला नंतर कळलं. हेही कळलं की तेवढं होऊनही काका ताईच्या कानात म्हणाले होते, "माणूस कामात जीव ओततो हो."

मी कडी लावायला धावले. कडीला हात पोचायच्या आत दार उघडलं.

"या, इथे शांतपणे बसून बोलू," ताई म्हणाली. तिने स्वतः दार धरलं होतं. तो आत आला, मला बघितलं आणि हसला.

त्याने माझे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. नाकातलं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. पुन्हा आपटलं. कोश, खळ, रक्त, सगळं एक झालं.

"अहो, हिला नाही," ताई घाईने म्हणाली. "ही ट्रेनिंगमध्ये नाहीये."

त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याचे अंगठे माझ्या गळ्यावर आले, ओळखीच्या जागी. डोळ्यांपुढे अंधारी आली. टेबलावर चाचपडताना हाताला दाभण लागलं. ते मी त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातलं. तो ओरडला, लंगडला, आणि तोल सावरायला त्याने हात टेकला, तो नेमका प्रेसमध्ये. शिवलेली पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, वर चाक असलेला. सकाळीच पुस्तकं काढून मी तो उघडा ठेवला होता.

मी चाक फिरवलं. त्या चाकाची माझ्या हातांना इतकी सवय आहे की विचार करावा लागला नाही. पाट खाली आला. त्याची बोटं आत होती, ती कडकडली. तो दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर बुक्क्या मारत होता, मी चाक फिरवत होते. मग तो मारायचा थांबला आणि रडायला लागला. मी तरीही फिरवत होते.

"पुरे गं, पुरे," ताई म्हणत होती. आता कुठे तिचं हसू उतरलं होतं.

पोलिसांनी आधी माझे हात चाकावरून सोडवले, मग त्याचा हात प्रेसमधून.

त्याला इस्पितळात नेलं, दाराशी पहारा बसवला. ताई माझ्या उशाशी बसून धाय मोकलून रडली. मी तिला चार शब्द सुनावले, आणि मग तिचंच डोकं थोपटलं. घरी बसवेना म्हणून सुजलेलं तोंड घेऊन मी कामावर परतले. या सगळ्या धांदलीत ट्रेनरला फोन करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एका दुपारी बाहेर पुन्हा पुरुषाचा आवाज चढला. "कुठंय तुमचा साहेब? बोलवा त्याला." रॅक कोसळला. मी हातोडी उचलली. या वेळी मी दाराआड थांबले नाही.

बाहेर कुणीही कसलंही गोड बोलत नव्हतं. ताईने पंचिंग मशीन त्याच्या तोंडावर फेकून मारलं होतं. शिपाईकाकांनी मागून मानगूट धरून त्याला खाली पाडलं होतं आणि ते लाथा घालत होते. हा तो नट आहे, हे मला दिसत होतं. किडकिडीत माणूस, पॉलिश केलेले बूट, खिशातून मार्क द्यायचा कागद डोकावत होता. दिसत होतं, तरी हातोडी वर गेली.

त्याने गुडघे पोटाशी घेतले, हनुवटी छातीत घातली, एक कोपर कानावर आणि दुसरा हात डोक्यावर. असं पडायला कुणी शिकवत नाही. ते मार खाऊन खाऊन येतं, आणि मला ते पाठ होतं.

"चुकलं," तो कोपराआडून म्हणत होता. "माझं चुकलं. पुन्हा नाही करणार."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मीही दर वेळी हेच म्हणायचे.

"सोडा त्याला," मी काकांना म्हणाले. काका बाजूला झाले, पण त्याने डोक्यावरचा हात काढला नाही. तो कोपराआडून माझ्या हाताकडे बघत होता. हातोडी मी अजून खाली ठेवली नव्हती.